पदपथावरील बाके आणि आपले पूर्तकर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या अमृतमहोत्सवानिमित्त काही चिरस्थायी लोकोपयोगी कार्य हाती घ्यावे, असा विचार गेले वर्षभर चालू आहे. त्यातून पुढे आलेली एक योजना आपणांसमोर मांडण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. योजना थोडक्यात अशी : सभागृहासमोरील पदपथावर सहा बाके बसवावयाची, कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंटच्या चोवीस कुंड्या मांडावयाच्या, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर दात्याच्या दिवंगत आप्ताचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी लावावयाची. सहाही बाकांना दाते मिळालेले आहेत. कुंड्यांचाही बहुतेक खर्च जमलेला आहे. तेव्हा आम्ही चार गोड शब्द बोलावे, टाळ्या व्हाव्या आणि ठराव संमत व्हावा, अशी काहींची अपेक्षा असेल तर ती अस्थानी नाही. योजनेमागील भावनेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ती ज्या स्वरूपात कागदावर आहे त्या स्वरूपात आम्हांस मान्य नाही. का मान्य नाही आणि तिचे काय करावे, हे सांगण्याकरिता थोडा वेळ घेणार आहोत. तो आपण द्यावा.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या मंडळाने आजवर केलेले कार्य पाहिले तर ते सारे आत वळलेले आहे. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवरसूचक केंद्र, वृद्धांना वैद्यकीय साहाय्य, ही सर्व कामे ज्ञातीने ज्ञातीसाठी केली. त्यात गैर काही नाही. गावाकडून मुंबईस आलेल्या आपल्या वाडवडिलांना प्रथम आधार मिळाला तो ज्ञातिबांधवांच्या खोलीतच. पण आता प्रथमच आपण कुंपणाबाहेर एखादी वस्तू ठेवावयास निघालो आहोत, आणि कुंपणाबाहेरचे नियम निराळे असतात. आत कोणाला बसू द्यावे हे आपण ठरवितो. बाहेर ते आपण ठरवू शकत नाही, आणि ठरवू नये.

आपल्या धर्मशास्त्रात लोकोपयोगी कृत्यांचा मोठा विचार झालेला आहे. यज्ञयागादी कर्मे ती ‘इष्ट’, आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नछत्रे, बागा ही ‘पूर्त’. इष्टाचा अधिकार मर्यादित होता. पूर्ताचा अधिकार मात्र चारही वर्णांना होता. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त ह्या विषयाचे सविस्तर विवेचन केले आहे, आणि त्यात दान व उत्सर्ग ह्यांतील भेदही स्पष्ट केला आहे. दान एका व्यक्तीस दिले जाते. उत्सर्ग सर्वांसाठी असतो : तळे बांधणारा त्या तळ्यावरील आपले स्वामित्व सोडतो, आणि त्यानंतर त्याने त्यातील पाणी प्यालेच तर ते इतर सर्वांपैकी एक म्हणून प्यावयाचे असते. मालक म्हणून त्याचा हक्क उरत नाही. हा विचार इतका सूक्ष्म आणि इतका उदार आहे, की ‘लोकार्पण’ हा शब्द आपण हल्ली फीत कापण्याच्या प्रसंगी इतक्या सहजपणे वापरतो ह्याचे आम्हांस नवल वाटते. अर्पण केले म्हणजे ते आपले राहिले नाही. बाकाच्या बाबतीत ह्याचा अर्थ काय होतो, ते पुढे पाहू.

मुंबई शहर अशा पूर्तकर्मांनी एके काळी समृद्ध होते. मशीद बंदराजवळ भातबाजारात शेठ केशवजी नाईक यांनी बांधविलेले कारंजे व घड्याळाचा मनोरा १८७६ सालचा. फोर्टमधील रतनसी मुळजी जेठा कारंजे १८९४ सालचे, आणि ते एका पित्याने अकाली गेलेल्या पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेले. अशा प्याऊ, म्हणजे पाणपोया, शहरात ठिकठिकाणी होत्या. हमाल, गाडीवान, वाटसरू, जो तहानलेला येईल त्याला पाणी मिळे. कित्येक ठिकाणी खाली बैलाघोड्यांसाठी दगडी डोणीही असत. बांधणाऱ्यांत कच्छी, गुजराती, मराठी, पारशी असे सर्व होते. त्यांपैकी बहुतेकांची धार पुढे थांबली, आणि काहींचा अलीकडे महानगरपालिकेने व वास्तुतज्ज्ञांनी जीर्णोद्धार केला. आम्हांस ह्या पाणपोयांविषयी जे वैशिष्ट्य वाटते ते हे, की पाणी पिणाऱ्याने दात्याचे नाव वाचलेच पाहिजे अशी त्यांची रचना नसे. नाव असे, पण हात प्रथम पाण्याकडे जाई.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगता पूर्ताचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘सर्वांसाठी’ म्हणून बांधलेली तळी व विहिरी प्रत्यक्षात सर्वांसाठी नव्हत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही गोष्ट आज शाळेतील मुलेही वाचतात; त्या काळी मात्र ती भूकंपासारखी होती. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, विहिरींवर अस्पृश्य वर्गास मज्जाव असू नये, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात आणला आणि तो ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. ठराव झाला तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. आणि त्यावरील दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराची ठिकाणे ह्यांच्या बाबतीत जात, धर्म, लिंग, जन्मस्थान ह्यांवरून कोणासही अडवू नये असे बजावले. त्या अनुच्छेदात राज्याच्या पैशातून राखलेल्या ठिकाणांबरोबरच सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या ठिकाणांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ‘लोकार्पण’ ह्या शब्दास केवळ समारंभापुरता अर्थ नाही. त्याला संविधानाचे बंधन आहे.

हे सर्व बाकांच्या संदर्भात का सांगावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की ही बाके एका ज्ञातीचे मंडळ बसविणार आहे. आमच्याजवळ असलेल्या आराखड्यात बाकांच्या पाठीवर मंडळाचे, म्हणजे ज्ञातीचे, नाव आठ इंची अक्षरांत आहे. दिवंगताचे नाव त्याखाली, लहान. रस्त्यावरून जाणारा मनुष्य ते नाव वाचून, हे बाक ‘त्यांचे’ आहे, असे म्हणणार नाही काय? ज्या देशात पाणवठ्याला जात होती त्या देशात बसण्याच्या जागेला जात असल्याचा भास होणेही आम्हांस नको आहे. ज्ञातीचे नाव बाकावर नसावे, ही आमची पहिली सूचना. दिवंगताचे नाव असावे. पण तेही बैठकीच्या कडेवर, दोन बोटे उंचीच्या अक्षरांत. आपल्या आईचे नाव बाकावर असावे ही इच्छा किती खोल असते हे आम्ही जाणतो, आणि त्या इच्छेला कमी लेखीत नाही. पण मंडळाचे सहा फलक एका रांगेत, वर विजेचे दिवे, ही त्या इच्छेची गरज नव्हे.

आता कायद्याकडे वळू. आपले सभागृह आपले आहे. त्यापुढचा पदपथ आपला नाही. हे वाक्य ऐकावयास सोपे आहे, परंतु मुंबईत घरापुढची, दुकानापुढची, संस्थेपुढची चार हात जागा आपलीच, असे मानण्याची सवय आपल्या सर्वांच्या हाडीमासी खिळलेली आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात ह्यासंबंधी स्पष्ट तरतुदी आहेत. कलम ३१२ अन्वये आयुक्तांच्या परवानगीवाचून रस्त्यावर अडथळा होईल असे कोणतेही बांधकाम करता येत नाही. कलम ३१३ मध्ये रस्त्यावर ठेवण्यास मनाई असलेल्या वस्तूंची यादी आहे आणि तीत, आपणांस गंमत वाटेल, खुर्ची, पेटी, शिडी ह्यांच्या जोडीला बाकाचाही नावानिशी उल्लेख आहे. कलम ३१४ प्रमाणे अशा वस्तू आयुक्त पूर्वसूचना न देताही हलवू शकतात. म्हणजे विभाग कार्यालयाची रीतसर लेखी परवानगी नसेल तर आपल्या मातापित्यांच्या नावांची बाके एखाद्या सकाळी अतिक्रमणविरोधी पथकाच्या ट्रकमध्ये दिसतील. नगरसेवकांनी तोंडी होकार दिला आहे, असे आम्हांस सांगण्यात आले. तोंडी होकार आम्हांस पुरेसा वाटत नाही.

ह्याच कलम ३१४ वरून पुढे मोठा खटला झाला हे येथील ज्येष्ठांस आठवत असेल. १९८१ साली पदपथांवरील व झोपड्यांतील लोकांना हलविण्याची मोहीम निघाली, तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले, आणि १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. निकालपत्र लिहिले ते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर पदपथावर खाजगी उपयोगासाठी अतिक्रमण करण्याचा हक्क कोणासही नाही, असेही म्हटले. लोकांना हा निकाल गरिबांविषयीचा म्हणून ठाऊक आहे. पण त्याचे दुसरे वाक्य संस्थांनाही तितकेच लागू आहे, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. ज्याची चटई पदपथावर असते तो अतिक्रमण करतो, आणि ज्याची कुंडी असते तो सुशोभन करतो, असा भेद कायद्यात कोठेही नाही. अगदी अलीकडे, १४ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे सांगून, पदपथ दिव्यांगांनाही वापरता येतील असे असावेत आणि त्यांवरील अतिक्रमणे दूर व्हावीत, असे राज्यांना बजावले आहे.

मग पदपथावर बाके बसवूच नयेत काय? तसे मुळीच नाही. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मान्य केले, आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर बसण्याच्या उत्तम जागा झाल्या. परंतु तेथे आधी पदपथ रुंद केला, मग बसण्याच्या जागा केल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपल्या पदपथाचे काय? ह्या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही दोन तरुण सभासदांना बरोबर घेऊन फीत धरून तो मोजला. सभागृहाच्या दरवाजापाशी, जेथे तो सर्वांत रुंद आहे, तेथे नऊ फूट भरला. पूर्वेकडे विजेच्या पेटीपाशी साडेपाच फूट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी-सोयींविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, निर्वेध वाट असावी असे सांगितले आहे; दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकाव्या, हा त्यामागील हिशेब. आता बाकाची खोली दीड फूट. परंतु बाकावर मनुष्य बसतो, आणि मनुष्याला पाय असतात, ही गोष्ट आराखडे काढणारे नेहमी विसरतात. पायांसाठी दोन फूट धरा. पिशवी ठेवली तर आणखी थोडे. साडेतीन फूट गेले. नवातून साडेतीन गेले की उरले साडेपाच, आणि तेही सर्वांत रुंद ठिकाणी. विजेच्या पेटीपाशी उरतात दोन. म्हणजे सहापैकी एकही बाक त्या पदपथावर नियमाप्रमाणे बसत नाही. ज्या वृद्धासाठी आपण बाक ठेवणार, त्यालाच त्या बाकाला वळसा घालण्यासाठी बसगाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागेल.

कुंड्यांविषयी आम्हांस अधिक बोलावयाचे आहे, कारण खरा प्रश्न तेथे दडलेला आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच कुंडीत सहा घनफूट माती मावते. ओली माती आणि सिमेंट मिळून तिचे वजन सहज तीनशे किलोच्या पुढे जाते. ती एकदा ठेवली की चौघांना हलत नाही. तिला फुलझाडाचे नाव असले तरी ती भिंतच होय. झाडांचे म्हणावे तर कोवळे रोप चैत्र-वैशाखात रोज पाणी मागते. शहरात संस्थांनी, मंडळांनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी हौसेने ठेवलेल्या कुंड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत : पहिले वर्ष झेंडू आणि क्रोटन, दुसरे वर्ष वाळक्या काड्या, तिसरे वर्ष पानाच्या पिचकाऱ्या, चहाचे कागदी पेले आणि नारळाच्या करवंट्या. पावसाळ्यात त्याच करवंट्यांत आणि कुंडीखालच्या बशीत स्वच्छ पाणी साचते, आणि डेंग्यू पसरविणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत तेथे अंड्यापासून पंख फुटेपर्यंत वाढतो. महानगरपालिकेचे कीटकनाशक खाते दरवर्षी ह्याविषयी ओरडून सांगत असते.

पण आपली कुंड्यांची योजना फुलांसाठी निघालेली नाही, हे येथे बसलेल्या बहुतेकांस ठाऊक आहे. सभेच्या इतिवृत्तात ‘परिसर सुशोभन’ असे शब्द आहेत. त्याआधीच्या चर्चेत शब्द निराळे होते. कुंपणाच्या भिंतीला टेकून सकाळी दहापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर तिघी भाजीवाल्या बसतात. लग्नाच्या दिवशी वरातीच्या गाड्या लावावयास त्यांची अडचण होते. कुंड्या मांडल्या की त्या ‘आपोआप’ उठतील, असे म्हटले गेले. आम्ही हे येथे उघडपणे बोलतो आहोत, त्याबद्दल कोणी रागावू नये. ज्या गोष्टीचा खर्च दिवंगतांच्या नावाने होणार आहे, तिचा हेतू निदान सभासदांना तरी स्पष्ट असावा.

त्या तिघींच्या बसण्याविषयी कोणाची तक्रार असेल तर ती सोडविण्याची वाट आहे. पथविक्रेत्यांविषयीचा केंद्रीय कायदा २०१४ सालापासून अस्तित्वात आहे. त्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावयाचे, नगर पथविक्रेता समितीने जागा ठरवावयाच्या, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणास हुसकावयाचे नाही. त्यांना कोठे बसवावे हे महानगरपालिकेने ह्या मार्गाने ठरवावे. आपण ते तीनशे किलोंच्या चोवीस कुंड्यांनी ठरवू नये. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट : त्या तिघींकडून भाजी घेणाऱ्यांत आपल्याच ज्ञातीची घरे निम्मी आहेत. मेथीची जुडी हातात घेऊन कुंड्यांच्या ठरावाला अनुमोदन देणे आम्हांस तरी जड जाईल.

२०१८ साली फोर्ट भागात एका बँकेच्या शाखेबाहेर लोकांनी बसू नये म्हणून लोखंडी सुळे बसविले गेले होते. गिलाव्यात रोवलेले ते सुळे पाहून नागरिक संतापले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, आणि बँकेला ते काढावे लागले. सुळे दिसतात म्हणून राग येतो. कुंडीत जास्वंद असते म्हणून कोणी रागावत नाही. पण ज्याला उठावे लागते त्याच्या दृष्टीने दोहोंचे काम एकच असते.

ह्यावर काही सभासदांनी आमच्याकडे खाजगीत एक शंका काढली : बाके ठेवली तर त्यांवर टवाळ पोरे बसतील, भिकारी झोपतील, म्हणून बाकांच्या मध्यभागी एक लोखंडी दांडा असावा, म्हणजे आडवे होता येणार नाही. ह्या शंकेला आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांची खिडकी त्या बाजूस आहे त्यांना रात्रीच्या गोंगाटाची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि रात्री अकरानंतर गोंगाट झाला तर पोलिसांना बोलाविण्याचा त्यांचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. पण कोण बसेल ह्याची यादी करावयाची तर पूर्ण करू. ज्यांच्या इमारतीस उद्वाहन नाही आणि गुडघे दुखतात, असे आपल्याच चाळींतील व जुन्या इमारतींतील आजीआजोबा बसतील. दोन घरांच्या कामांमधला अर्धा तास काढणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाया बसतील. आज त्या जिन्याच्या पायरीवर बसतात आणि तेथूनही उठविल्या जातात. घरपोच जेवण पोचविणारी मुले बसतील. दिवसभर दुचाकीवर असलेल्या त्या मुलांना पाठ टेकावयास ह्या शहरात जागा नाही. शाळा सुटण्याची वाट पाहणाऱ्या आया बसतील. बारा तास उभे राहिलेला पहारेकरी बसेल. आणि होय, दुपारी कोणी दमलेला हमाल पंधरा मिनिटे आडवाही होईल. उत्सर्ग केल्यावर त्याला उठविण्याचा अधिकार आपणांस राहत नाही, असे शास्त्रही म्हणते आणि संविधानही. हात टेकून उठण्यासाठी दांडे जरूर असावेत, वृद्धांना त्यांची फार गरज असते. ते बाकाच्या दोन्ही टोकांस असावेत, मध्ये नसावेत.

बसण्याची जागा ही आपल्या संस्कृतीत क्षुल्लक वस्तू कधीच नव्हती. गावाकडे वडाचा अथवा पिंपळाचा पार असे, घराला ओटी-ओसरी असे, वाड्याला देवडी असे. आल्यागेल्याला ‘टेका’ म्हणण्याची पद्धत होती; पाणी नंतर, बूड टेकणे आधी. मुंबईत आलो तेव्हा पार राहिला गावी, आणि त्याची उणीव चाळीच्या गॅलरीने, शिवाजी पार्कच्या कट्ट्याने, मरीन ड्राइव्हच्या कठड्याने भरून काढली. कट्ट्यावर बसणाऱ्याला कोणी नाव, गाव, ज्ञाती विचारीत नाही. चाळी पडल्या, उंच इमारती आल्या, त्यांच्या बागा आतल्या अंगास गेल्या, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला पैसे न देता बसता येईल अशी जागा दिवसेंदिवस दुर्मिळ झाली. म्हणूनच ही योजना मुळात चांगली आहे, आणि ती सोडून देण्याऐवजी सुधारावी असे आम्हांस मनापासून वाटते.

आता आमचा पर्याय. सभागृहाच्या पुढे, कुंपणाच्या आत, आपल्या मालकीची पंधरा फूट रुंदीची पट्टी आहे. तीत पूर्वी बाग होती. आज तीत लग्नाच्या दिवशी गाड्या उभ्या राहतात आणि एरवी मंडपवाल्याचे बांबू पडलेले असतात. ह्या पट्टीपैकी पुढची चार फूट, चाळीस फूट लांबीभर, आपण रस्त्याला द्यावी. म्हणजे कुंपणाची भिंत चार फूट मागे घ्यावी, आणि नव्या भिंतीच्या पुढ्यात, आपल्या जमिनीवर, तीन लांब बाके भिंतीत बांधून काढावी. पदपथाची एक वीतही जाणार नाही. रस्त्यावर अडथळा नाही. बसणाऱ्याचे पाय आपल्याच जागेत राहतील. भिंत हलविण्यास बांधकामाची परवानगी लागेल ती रीतीप्रमाणे घ्यावी. बैठक जमिनीपासून दीड फूट उंच, थोडी उतरती, म्हणजे पावसाचे पाणी ठरणार नाही; पाठ टेकावयास भिंत; टोकांना दांडे; एका बाजूस चाकांची खुर्ची उभी करण्याइतकी मोकळी जागा. उन्हाने तापणारा पॉलिश केलेला काळा दगड वापरू नये. कुंड्या अजिबात नकोत. त्यांच्याऐवजी त्याच पट्टीत जमिनीत दोन झाडे लावावी, बकुळ किंवा ताम्हण, आणि बुंध्याभोवती हातभर माती उघडी सोडावी. सिमेंटचा पार बुंध्यापर्यंत भिडविला की मुळांना पाणी मिळत नाही आणि झाड पावसाळ्यात उन्मळते, हे मुंबईत आपण पाहिलेले आहे. सावली नसलेल्या बाकावर दुपारी कोणी बसत नाही. म्हणून झाडे आधी लावावी, ह्याच पावसाळ्यात.

ह्यात मंडळाचे नुकसान आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. चार फूट गेले की लग्नाच्या दिवशी गाड्या आडव्या लावता येणार नाहीत. आज सात राहतात, पुढे चार राहतील. सभागृहाच्या भाड्याच्या चौकशीला येणारा पहिला प्रश्न गाड्यांचाच विचारतो, असे व्यवस्थापक सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. भाड्याच्या उत्पन्नातूनच शिष्यवृत्त्या चालतात. म्हणून हा निर्णय आमच्यासारख्या एका वक्त्याने व्यासपीठावरून घेण्याचा नाही. सर्वसाधारण सभेने हिशेब समोर ठेवून घ्यावयाचा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की महानगरपालिकेच्या जमिनीवर बाक ठेवून त्यावर आपले नाव घालण्यात आपण काहीच सोडत नाही. स्वामित्व सोडावयाचे तर ते आधी आपले असावे लागते.

देखभालीविषयी दोन शब्द. सहा बाकांसाठी जी रक्कम जमली आहे, तीत तीन बाके होऊन काही शिल्लक राहील. ती शिल्लक आणि पाटीमागे आणखी थोडी वर्गणी मिळून कायम ठेव करावी. तिच्या व्याजातून झाडांचे पाणी, वर्षाकाठी एक रंगाचा हात आणि मोडतोडीची दुरुस्ती भागावी. ही ठेव शिष्यवृत्ती निधीत मिसळू नये. आणि देखभालीचे काम युवक शाखेकडे द्यावे. त्यांच्यापैकी दोघांनी फीत धरली आहे, त्यांना प्रत्येक इंच पाठ आहे.

सहा दात्यांपैकी चौघांशी आम्ही ह्या पर्यायासंबंधी बोललो आहोत. तिघांनी संमती दिली. एका बाकावर दोन नावे चालतील असेही म्हटले. चौथ्यांनी विचारास वेळ मागितला आहे. उरलेल्या दोघांकडे कार्यकारी मंडळाने जावे. आणखी एक किरकोळ बाब : त्या तिघी भाजीवाल्यांपैकी एकीने, आम्ही मोजणी करीत असता, हे काय चालले आहे असे विचारले. बाके होणार असे कळल्यावर ती म्हणाली, की बसावयाचे तिला फारसे नाही, ती जमिनीवर बसतेच. पण पहाटे घाऊक बाजारातून आणलेला भाजीचा हारा डोक्यावरून एकटीला उतरविता येत नाही, कोणी वाटसरू हात देईपर्यंत उभे राहावे लागते. बाकांच्या पश्चिम टोकाला खांद्याएवढ्या उंचीचा, दोन फूट लांबीरुंदीचा एक चौथरा त्याच भिंतीत काढता येईल. त्याचा खर्च सध्याच्या अंदाजपत्रकात धरलेला नाही, तो धरावा.